नायकाला आधी काहीतरी हवं असू द्या

वाचकांचे प्रश्न : बालसाहित्य लेखन

पुस्तकांत फारशी न दिसणारी मुलं गोष्टीचे नायक म्हणून कशी लिहायची, यावर या वेळी प्रश्न मागवले होते. अपंग मुलं, स्थलांतरित घरांतली, वेगळी भाषा बोलणारी, हातावर पोट असलेल्या घरांतली, अशा सगळ्यांबद्दल पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : माझ्या चित्रपुस्तकाची नायिका व्हीलचेअर वापरते. वर्गातली मुलं तिला खेळात घेत नाहीत, बाई त्यांना समजावतात, पुढे ती चित्रकलेत पहिली येते आणि सगळे टाळ्या वाजवतात. मोठ्यांना गोष्ट आवडते. मुलं मात्र चौथ्या पानापासून चुळबुळ करतात. काय चुकतंय?
(एक शिक्षिका)

उत्तर : मुलांचं बरोबर आहे. ज्या क्रियापदांचा कर्ता नायिका आहे तेवढीच क्रियापदं लाल पेनाने अधोरेखित करा. ‘बसली होती’, ‘बघत राहिली’, ‘डोळे भरून आले’, शेवटी ‘हसली’, अशीच निघतील. टाळणारी मुलं, समजावणाऱ्या बाई, बक्षीस देणारे परीक्षक. जे काही घडवायचं ते दुसऱ्यांनीच घडवलं. नायिकेला स्वतःला काय हवंय, हे गोष्टीत कुठेच नाही. आणि पहिली आल्यावरच तिला खेळात घेतलं, म्हणजे जी कधीच पहिली येणार नाही तिने काय समजायचं?

व्हीलचेअर क्षणभर बाजूला ठेवा आणि गोष्टीचं एक वाक्य लिहा : तिला अमुक हवंय, पण तमुक आडवं येतंय. उदाहरणार्थ, गल्लीतले बूट कोण पळवतं हे तिला सगळ्यांच्या आधी शोधून काढायचंय, पण तिला संशय आहे तो धाकट्या भावाच्या लाडक्या कुत्र्यावर. हे वाक्य व्हीलचेअरशिवाय उभं राहिलं की मग व्हीलचेअर आणा, आणि आणाल तेव्हा पूर्ण आणा. स्वतः चालवायच्या व्हीलचेअरच्या मोठ्या चाकाला बाहेरून एक कडं असतं. चाक फिरवताना हात त्या कड्यावर असतात, त्यामुळे पावसानंतर चिखल आधी तळहाताला लागतो. दोन्ही हात कामात असताना छत्री धरता येत नाही. पुढची छोटी चाकं खडीत रुततात, गटाराच्या जाळीत अडकतात. म्हणून उंबरा आला की पुढची बाजू किंचित उचलायची आणि मागच्या चाकांवर तोल सांभाळून पुढे जायचं. हे शिकताना उताणं पडायला होतं, म्हणून कुणीतरी मागे उभं लागतं. आपल्याकडे ओढून उघडायचं दार ढकलायच्या दारापेक्षा त्रासाचं, कारण उघडणाऱ्या दाराला आणि व्हीलचेअरला एकच जागा हवी असते. ओल्या मातीत चाकांच्या दोन रेघा उमटतात. लपून पाठलाग करणाऱ्या गुप्तहेराला ही केवढी अडचण! बघा, कथानकाला लागणारे अडथळे इथेच मिळाले, आणि कुणी तिला चिडवायचीही गरज पडली नाही.

चित्रकाराला मात्र आधीच बजावून ठेवा. न सांगितल्यास हमखास दवाखान्यातली खुर्ची काढली जाते : जाड हात, मागे ढकलायच्या मुठी, आणि ढकलणारं कुणीतरी. रोज स्वतः फिरणाऱ्या मुलीची व्हीलचेअर तिच्या मापाची, हलकी, कमी पाठीची असते. मजकुरात ‘व्हीलचेअरला खिळलेली’ असं कुठे लिहिलं असेल तर काढून टाका, तिच्यामुळेच तर ती फिरते. बक्षीस समारंभही गेला तरी चालेल. बूट कुणी नेले, हे कळलं की गोष्ट संपते.

प्रश्न : मी स्वतः त्या समाजातला नाही. मी लिहावं की नाही?
(पाच वाचकांचा हाच प्रश्न)

उत्तर : प्रश्न इतका तापलेला का आहे, ते आधी पाहू. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कोऑपरेटिव्ह चिल्ड्रन्स बुक सेंटरने 1985 साली मोजणी केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे 2,500 बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं फक्त 18 भरली. ब्रिटनमध्ये सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन या संस्थेने 2017 सालची 9,115 बालपुस्तकं धरून पाहणी केली. वांशिक अल्पसंख्याक पात्र असलेली पुस्तकं निघाली 391, म्हणजे 4 टक्के, आणि अशा पात्राला नायक केलेली जेमतेम 1 टक्का. विस्कॉन्सिनचं केंद्र पुढे एखाद्या समाजाविषयीची पुस्तकं आणि त्या समाजातल्या लोकांनी लिहिलेली पुस्तकं वेगवेगळी मोजू लागलं, आणि ते योग्यच झालं. पहिला आकडा वाढला म्हणून दुसरा आपोआप वाढत नाही.

2015 मध्ये कोरिन डायव्हिस या लेखिकेने ‘ओनव्हॉइसेस’ हा हॅशटॅग सुरू केला. पात्राची ओळख आणि लेखकाची ओळख एकच असलेली पुस्तकं वाचकांना सापडावीत, एवढाच हेतू होता. पुढे तो विक्रीचा शिक्का झाला आणि लेखकांवर आपलं खासगी आयुष्य उघडं करायचा दबाव येऊ लागला. 2021 मध्ये ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेने तो वापरणं थांबवलं. तेव्हा परवानगीचा शिक्का देणारं कुणी नाही. पण हात घालण्याआधी आपली गोष्ट कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र स्वतःला विचारा.

बूट शोधणाऱ्या मुलीसारखी गोष्ट, जिथे वेगळेपण कथानकाच्या कुशीला आहे, नीट अभ्यास करून बाहेरच्या माणसालाही लिहिता येते. ‘आपण असे आहोत म्हणून आपल्याला असं वागवलं जातं’ हाच जिचा गाभा आहे, ती आतल्या माणसाने लिहिणं बरं. असा विषय सुचला तर त्या समाजातल्या लेखकासोबत काम करा, दोघांची नावं आणि दोघांचं मानधन करारात लिहून घ्या, किंवा तो विषय सोडा. सोडलेला विषयही काही वाया जात नाही, कुणीतरी तो लिहीलच.

अभ्यास म्हणजे दुःखाच्या मुलाखती नव्हेत. ओळखीच्या कुटुंबाला एखाद्या साध्या मंगळवारचा दिनक्रम विचारा, उठल्यापासून झोपेपर्यंत, पंधरा-वीस नोंदी. किल्ली कुणाकडे असते, शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, फोन कुणाच्या हातात असतो, भांडण कशावरून होतं. कंटाळवाणं वाटेल ते सगळं लिहून घ्या. स्थलांतरित मुलांबद्दल ‘शाळा बुडते’ एवढं सगळेच लिहितात. पण वर्षाच्या मधोमध शाळा बदलली की एकच धडा दोनदा शिकायला मिळतो आणि दुसरा कधीच मिळत नाही. अपूर्णांक तोंडपाठ, भागाकार कोरा, असं मूल तयार होतं. आई-वडिलांना तिथली भाषा येत नसेल तर डॉक्टरांपुढे दुभाषा म्हणून मूलच उभं राहतं, आणि आईच्या आजाराची बातमी तिला आपल्याच तोंडाने सांगायची वेळ त्याच्यावर येते. नऊ वर्षांच्या नायकाने त्यातलं एक वाक्य गाळलं, तर पुढे काय होईल? अशी गोष्ट मंगळवारच्या नोंदींतून निघते.

प्रश्न : माझा नायक कर्णबधिर आहे. बरंच वाचून लिहिलं, तरी एका कर्णबधिर वाचकाने ‘हे खोटं वाटतं’ म्हणून परत केलं. नेमकं कुठे खोटं होत असेल?

उत्तर : बहुतेक ओठ वाचण्याच्या जागी. कथांतली कर्णबधिर मुलं खोलीच्या दुसऱ्या टोकाची अख्खी संभाषणं ओठांवरून वाचतात. प्रत्यक्षात प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर आवाज न करता ‘माळ’, ‘बाळ’, ‘पाळ’ म्हणून बघा. क, ख, ग तर तोंडात मागे तयार होतात, ओठांवर जवळजवळ काहीच दिसत नाही. संदर्भावरून अंदाज बांधत जावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं शिणतं. बोलणाऱ्याने मान वळवली, तोंडावर हात आला, पाठीमागे खिडकीचा उजेड असला की तेही जातं. चुकलेला अंदाज ही गोष्टीसाठी मोठी देणगी आहे, फक्त नायकाचं हसं करायला वापरू नका.

दुसरी जागा श्रवणयंत्राची. ते आवाज मोठा करतं, स्वच्छ करतंच असं नाही. गोंगाटात सगळंच मोठं होतं, म्हणून जत्रेच्या गर्दीत नायकाला अचानक सगळं ऐकू येऊ लागलं असेल तर तो प्रसंग काढा. कानात यंत्र सैल बसलं किंवा कुणी मिठी मारून ते झाकलं गेलं की शिट्टी वाजते. पोहताना ते सहसा काढून ठेवतात. कॉक्लिअर इम्प्लांट निराळं : शस्त्रक्रियेने आत बसवलेला भाग आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी बाहेरची चकती. चित्रात एका पानावर एक आणि पुढच्या पानावर दुसरं आलेलं चालत नाही, आणि दर पानावर ते त्याच कानाला हवं.

तिसरी, खुणांच्या भाषेची. जगात अशा अनेक भाषा आहेत, प्रत्येकीला स्वतःचं व्याकरण आहे, आणि भुवया, चेहरा, खांदे हेही त्या व्याकरणात येतात. म्हणून खुणेतला संवाद ‘मी जा घर’ असा मोडका लिहू नका. तो अवतरणचिन्हांत, पूर्ण आणि ओघवत्या वाक्यांत द्या, अनुवाद करतो तसा. हात भरलेले असले की बोलणं थांबतं, अंधार झाला की थांबतं. हाक मारायला खांद्यावर टिचकी, हात हलवणं, दिव्याची उघडझाप किंवा लाकडी जमिनीवर पाय आपटणं. रात्री पलंगाखाली लपलेल्या दोन भावंडांना कुजबुजायचं असेल तर? टॉर्च लागेल, आणि टॉर्च लावली की पकडले जातील. चित्रातल्या खुणा मात्र अंदाजाने काढू नका. खूण ही हालचाल असते, तिचा कोणता क्षण थिजवायचा हे ती भाषा वापरणाऱ्या माणसालाच ठरवू द्या, आणि ते पेन्सिल-स्केचवर, रंग भरण्याआधी.

याच पत्रात अंध पात्राबद्दलही विचारलं आहे. थोडक्यात : अंध मुलं भेटेल त्याचे चेहरे चाचपत नाहीत, आणि त्यांचे कान जादूचे नसतात. पांढरी काठी चालताना डावी-उजवीकडे टेकत जाते, साधारणपणे उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासलेली असते.

प्रश्न : नायक बोलताना अडखळतो. ‘प-प-प-पाणी’ असं लिहू का?

उत्तर : एकदा, फार तर दोनदा. दर वाक्यात लिहिलंत तर मोठ्याने वाचून दाखवणारे पालक त्याची नक्कल करणार, वर्ग हसणार, आणि त्या वर्गात खरोखर अडखळणारं मूल बसलेलं असेल तर त्याचं काय होईल याचा विचार करा. अडखळणं म्हणजे फक्त अक्षराची पुनरावृत्तीही नव्हे. कधी शब्द सुरूच होत नाही, नुसती शांतता. कधी मूल अडणारा शब्द ओळखून आधीच बगल देतं : ‘पाणी’ अडणार असं वाटलं की ‘तहान लागली’ म्हणतं. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून हजेरी हा अवघड प्रसंग. गाताना किंवा सगळ्यांसोबत एका सुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं थांबतं. शेवट ‘आणि तो अस्खलित बोलू लागला’ असा करू नका. म्हणायचं होतं ते त्याने अडखळत का होईना म्हटलं आणि समोरच्याने वाक्य मध्येच पूर्ण केलं नाही, एवढं पुरतं.

प्रश्न : संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत ठेवलंय. मित्र म्हणतो, हे अपमानास्पद आहे. तसं आहे का?

उत्तर : कोण कोणत्या भाषेत बोलतं ते बघा. बाई, डॉक्टर, निवेदक प्रमाणभाषेत आणि फक्त नायक व त्याचे आई-वडील बोलीत असतील, तर मित्राचं खरं आहे. वाचणारं मूल दोन पानांत शिकतं की शहाणे एका भाषेत बोलतात आणि बाकीचे दुसरीत. यावर दोन उपाय. एक, निवेदनही नायकाच्या तोंडून, बोलीतच. हे धाडसाचं आहे, पण जमलं तर गोष्टीला अंगचा सूर मिळतो. दुसरा, बोली हलकी ठेवायची : मोडतोड केलेलं लेखन टाळून खास शब्द, वाक्याची ठेवण आणि लय यांतून ती आणायची. ‘अशुद्ध’ दिसावं म्हणून मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ बिघडवणं हा आळस आहे, बोली नव्हे.

बोलीतल्या शब्दांना तिरपा ठसा आणि कंसात अर्थ देऊ नका. नवा शब्द पहिल्यांदा अशा वाक्यात ठेवा की हातवाऱ्यावरून किंवा चित्रावरून अर्थ कळेल, आणि पुढच्या काही पानांत तो पुन्हा दोनदा येऊ द्या. मुलं असेच शब्द शिकतात. संहिता पूर्ण झाली की बोली ज्यांची आहे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि जीभ अडेल तिथे खूण करा.

प्रश्न : मी चित्रकार आहे. गडद वर्णाची पात्रं पडद्यावर छान दिसतात, छापून आली की मळकट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव हरवतात.

उत्तर : पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, ही पहिली गोष्ट. दुसरी, तपकिरी रंग गडद करायला काळी शाई वाढवली की त्वचा राखेसारखी होते. छपाईच्या शायांपैकी मॅजेंटा (गुलाबीसर लाल) आणि पिवळा यांवर रंग उभा करा, खोली थोड्या सायनने (आकाशी निळ्याने) आणा, काळा कमीत कमी ठेवा. तिसरी, विनालेपाच्या कागदात शाई शोषली जाऊन पसरते, ठिपके मोठे होतात आणि सगळं चित्र एक पायरी गडद होतं. म्हणून प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई, चकचकीत कागदावर पाहून होकार देऊ नका, पुस्तक ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर काढायला लावा. रात्रीच्या प्रसंगात पार्श्वभूमी आणि चेहरा एकाच गडदपणाचे ठेवलेत की फक्त डोळे आणि दात चमकतात. ते चित्र जुन्या, ओंगळ व्यंगचित्रांच्या वाटेने जातं. गालाच्या कडेला दिव्याचा किंवा चंद्राचा उजेड द्या.

एका घरातल्या सगळ्यांना एकच तपकिरी रंग लावू नका. भावंडांतही छटा वेगळ्या असतात. प्रत्येक पात्राची रंगपट्टी करून टेबलासमोर चिकटवा, नाहीतर पान 6 वरची मुलगी पान 22 वर दोन छटा उजळलेली निघते. असं उजळणं नेहमी आनंदाच्या प्रसंगातच कसं होतं, हाही एक विचार करण्यासारखा मुद्दा.

लेखकांसाठी यातलंच एक : सगळ्या पात्रांमधून फक्त नायकाचा वर्ण सांगितलात तर बाकीचे आपोआप ‘नेहमीचे’ ठरतात. सगळ्यांचा सांगा किंवा कुणाचाच नको. आणि त्वचेला खाण्याच्या पदार्थांच्या उपमा नकोत.

प्रश्न : त्या समाजाची माहिती द्यायला पुस्तकात जागा किती ठेवावी?

उत्तर : हिशोब करून बघा. छपाईचा ताव घडी घालून 8 किंवा 16 पानांचा होतो, म्हणून चित्रपुस्तकं 24, 32, 40 अशा पानांची असतात. 32 पैकी पहिली 3 पानं शीर्षक, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिकेत जातात. पान 4 ते 31 म्हणजे समोरासमोरच्या 14 जोड्या, आणि शेवटचं एक सुटं पान. जोडीला 40 शब्द धरले तर सगळी गोष्ट 560 शब्दांची. माहितीला दोन पानं दिलीत की एक जोडी गेली, बहुधा शेवटाच्या आधीची, जिथे गोष्टीला श्वास घ्यायचा असतो.

जागेपेक्षा मोठा प्रश्न हा की माहिती कुणाला सांगताय. बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये मांडलं होतं की पुस्तक कुणासाठी आरसा असतं, कुणासाठी खिडकी : आरशात आपलंच आयुष्य दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं. ‘हे लोक असं करतात’ हे वाक्य फक्त खिडकीतून बघणाऱ्यांना उद्देशून आहे. त्या घरातलं मूल ते वाचतं तेव्हा त्याला कळतं की हे पुस्तक माझ्याविषयी आहे, माझ्यासाठी नाही. एखादी टीप हवीच असेल तर गोष्टीच्या मागे अर्धं पान ठेवा, आणि त्या मुलालाही नवं कळेल असं काही त्यात लिहा.

प्रश्न : छापण्याआधी कुणाला वाचायला द्यावं, आणि काय विचारावं?

उत्तर : त्या समाजातल्या किमान दोघांना, दुसऱ्या खर्ड्यानंतर. पहिल्या खर्ड्यात तुमच्याच चुका फार असतात, आणि शेवटच्या खर्ड्यानंतर तुम्ही काही बदलत नाही. मानधन आधी ठरवा. ‘ठीक आहे ना?’ असं विचारलंत तर भिडेने ‘हो’ येईल. त्याऐवजी विचारा : कोणत्या पानाला थांबलात? तुमच्या घरात हे वाक्य कोण म्हणेल, आणि कोण कधीच म्हणणार नाही? तुमच्या घरचे कशाला हसतील? काय राहून गेलंय? दोघांत वस्तुस्थितीवर मतभेद झाला तर तिसऱ्याला विचारा. आवडीवर झाला तर निर्णय तुमचा. आभारात त्यांची नावं छापायला संमती घ्या, कारण उद्या टीका झाली की लेखक त्याच नावांमागे लपतात.

मुलांना वाचून दाखवाल तेव्हा सहा-आठ जणांचा गट पुरे. ‘आवडली का?’ विचारू नका. कोणत्या पानाला नजर खिडकीकडे जाते आणि कुठे मध्येच प्रश्न येतो, त्याची पानवार नोंद ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाला, गोष्ट न ऐकलेल्या मुलाला ती सांगायला लावा. ‘एक व्हीलचेअरवाली मुलगी असते’ अशी सुरुवात झाली तर कथानक अजून कच्चं आहे. ‘एक मुलगी असते, तिला बूटचोर पकडायचा असतो’ अशी झाली तर संहिता पाठवायला हरकत नाही.

प्रश्न : प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात या सगळ्याबद्दल काय लिहावं?

उत्तर : दोन ओळी. त्या समाजाशी तुमचा संबंध काय, आणि संहिता कुणी वाचून तपासली. ‘या विषयावरचं पहिलंच पुस्तक’ असा दावा करू नका, संपादक तो तपासतात आणि बहुधा खोटा निघतो. पत्राची सुरुवात नायकाला काय हवंय यापासून करा. चित्रांसाठीच्या सूचना संहितेत मोजक्याच ठेवा, मजकुरावरून न कळणाऱ्या तेवढ्याच : व्हीलचेअर कोणत्या प्रकारची, श्रवणयंत्र कोणत्या कानाला. संदर्भाची छायाचित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा, आणि छायाचित्रात एखादं मूल असेल तर त्याच्या पालकांची लेखी संमतीही.